मृत्युपत्राच्या नमुन्यातल्या रिकाम्या जागा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मृत्युपत्र करणं किती सोपं आहे हे सांगणारा लेख आला आणि त्यासोबत चौकटीत एक तयार नमुना. 'कापून ठेवा, रिकाम्या जागा भरा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या' अशी खाली सूचना. आमच्या इमारतीतल्या दोघांनी तो खरोखरच कापून ठेवला. त्यातले एक गृहस्थ काल कात्रण आणि पेन घेऊन माझ्याकडे आले, "बाई, इथे नेमकं काय भरू?" म्हणून. त्यांच्याबरोबर तासभर बसले आणि मग हे पत्र लिहायला घेतलं.

मी एका वकिलांच्या कार्यालयात एकतीस वर्षं टंकलेखिका होते. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. मात्र मी टाइप केलेली काही मृत्युपत्रं दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा माझ्या टेबलावर आली, दाव्याला जोडलेल्या नकला म्हणून. आपणच उमटवलेलं वाक्य दोन सख्खे भाऊ दोन बाजूंनी ओढताहेत हे पाहिलं की त्या वाक्यात काय लिहायचं राहून गेलं होतं ते पक्कं कळतं. कलमं वकील सांगतील. राहून गेलेल्या गोष्टी मला सांगता येतील.

आधी हे सांगते, की लेखातलं कायद्याचं म्हणणं चूक नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या कोणालाही मृत्युपत्र करता येतं. साधा कागद चालतो, हाताने लिहिलेलं चालतं, भाषा कोणतीही चालते. मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि निदान दोन साक्षीदार, एवढ्यावर ते पूर्ण होतं. जिवंत असेपर्यंत ते कितीही वेळा बदलता येतं, फाडून टाकता येतं. सगळं खरं. पण बाकीचे सगळे दस्त करताना दोन्ही पक्ष जिवंत असतात, अडलं तर एकमेकांना विचारतात. हा एकच कागद असा, की तो उघडला जातो तेव्हा लिहिणारा उत्तर द्यायला नसतो. नमुना छापताना नेमकं हेच विसरलं गेलंय असं मला वाटलं.

पहिलीच ओळ बघा. 'मी शरीराने निरोगी व मनाने सावध असून राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता हे मृत्युपत्र करून ठेवीत आहे.' हे वाक्य माझ्या बोटांना इतकं पाठ होतं की समोर कोण बसलंय हे न बघता ते कागदावर यायचं. एकदा एका आजोबांच्या घरी जाऊन मसुदा उतरवून घेतला होता. नाकात ऑक्सिजनची नळी, पाठीला दोन उशा, पण डोकं असं लख्ख, की कोणत्या मुलाला घर घेताना किती पैसे दिले ते तारखेनिशी सांगत होते. मी कार्यालयात आले आणि सवयीने टाइप केलं, 'शरीराने निरोगी'. आजोबा गेल्यावर धाकट्याने दावा लावला, रुग्णालयाचे कागद न्यायालयात आले आणि समोरच्या वकिलांनी एकच प्रश्न लावून धरला : श्वासाला नळी लागणारा माणूस स्वतःला निरोगी म्हणवतो, तर त्याने हा मजकूर वाचला तरी होता का? त्या दोन शब्दांपायी किती तारखा पडल्या असतील! कायद्याला शरीराशी काही कर्तव्य नाही. अंध, मूकबधिर, अंथरुणाला खिळलेला माणूससुद्धा मृत्युपत्र करू शकतो. आपण काय करतोय हे त्याला कळत असलं की झालं. त्या दाव्यानंतर आमच्या साहेबांनी वाक्यच बदललं. 'मला दम्याचा विकार आहे, आधाराशिवाय चालता येत नाही, परंतु माझी समज शाबूत आहे. हा मजकूर मला वाचून दाखवला असून तो मी सांगितला तसाच आहे.' खरं लिहिलेलं खोडायला अवघड जातं. डॉक्टरांचा दाखला कायद्याने लागत नाही, पण वय झालं असेल, आजारपण असेल, तर त्याच तारखेचा घेऊन सोबत ठेवावा.

आता नमुन्यातल्या रिकाम्या जागा. 'माझा मुलगा ______ यास' असं छापलंय. काल शेजाऱ्यांनी तिथे 'बाळू' लिहिलं. घरात सगळे बाळूच म्हणतात, मग काय लिहायचं? अहो, पण बँकेतल्या माणसाला बाळू कोण हे कसं कळणार? मी टाइप केलेल्या एका मृत्युपत्रात एका बाईंनी आग्रहाने 'माझ्या ताईला' असं घालायला लावलं होतं. त्यांच्या घरात थोरली मुलगीही ताई आणि स्वतः बाईंची थोरली बहीणही ताई. दोघी हयात. चुकीच्या नावामुळे देणगी, म्हणजे मृत्युपत्राने दिलेली मिळकत, लगेच रद्द होते असं नाही, न्यायालय अर्थ लावायचा प्रयत्न करतं. पण तो अर्थ लावून घ्यायला मायलेकींसारख्या राहिलेल्या त्या मावशी-भाचीला एकमेकींविरुद्ध उभं राहावं लागलं. कागदावरचं पूर्ण नाव, नातं, वय, आणि मग हवं तर 'घरात हिला ताई म्हणतात' असं लिहावं.

मिळकतीचं वर्णन करतानाही असंच. एका निवृत्त अधिकाऱ्यांनी मुदत ठेवींची यादी पावती क्रमांकांसह दिली होती. सात ठेवी, सात ओळी. मी एकेक आकडा पुन्हा पुन्हा ताडून पाहिला होता, कौतुक वाटलं होतं स्वतःचं. पुढच्या आठ वर्षांत सगळ्या ठेवींची मुदत संपून नूतनीकरण झालं, काही मोडून एकत्र केल्या, आणि ते गेले तेव्हा सातांपैकी एकही क्रमांक जुळेना. मृत्युपत्रात नेमकी वस्तू लिहिली आणि मृत्यूच्या वेळी ती आपल्याकडे नसली, तर ती देणगी बुडते, असा नियम आहे. ती नवी ठेव म्हणजे जुनीच की वेगळी, यावर बहीण-भावाची बोलाचाल बंद झाली. 'अमुक बँकेतील माझ्या नावे माझ्या मृत्युसमयी असतील त्या सर्व ठेवी, त्यांचे नूतनीकरण झालेले असल्यास तेही धरून' एवढे शब्द त्या सात ओळींपेक्षा जास्त कामाला आले असते.

उलटं टोकही वाईटच. या कायद्यातच एक मजेशीर उदाहरण दिलंय, साहेब ते नेहमी वाचून दाखवत. कोणी लिहिलं की 'परिशिष्टात नमूद केलेला सर्व माल अमक्याला', आणि परिशिष्ट सापडलंच नाही. किंवा 'पैसे, गहू, तेल' देतो म्हटलं आणि किती ते लिहिलं नाही, तर ती देणगी संदिग्धतेमुळे निरर्थक. आपल्या नमुन्यात 'सोबतच्या यादीप्रमाणे' असे शब्द आहेत. ती यादी कुठे टाचायची, तिच्यावर कोणी सही करायची, यावर अवाक्षर नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट नमुन्यात नाहीच : उरलेल्याचं काय? घर मुलाला, ठेवी मुलीला, दागिने सुनेला. छान. मग मृत्युपत्रानंतर घेतलेले शेअर्स? विसरलेलं जुनं बचत खातं? कुणीतरी परत केलेली उसनवारी? जे लिहिलं नाही त्याच्यापुरता माणूस मृत्युपत्र न करताच गेला असं धरतात आणि ते कायद्याने ठरवलेल्या वारसांत वाटलं जातं. म्हणून शेवटी एक वाक्य हवंच : 'वर नमूद न केलेली व यापुढे मी मिळवीन ती माझी सर्व उर्वरित स्थावर-जंगम मिळकत अमुक यांस मिळावी.' तसंच, ज्याला दिलं तोच आपल्याआधी गेला तर? सर्वसाधारण नियम असा की ती देणगी रद्द होऊन उर्वरितात मिसळते. आपलं स्वतःचं अपत्य असेल आणि त्याला मुलंबाळं असतील तर अपवाद आहे. मित्राला, भाच्याला, बहिणीला दिलं असेल तर तो अपवाद लागू नाही. तेव्हा 'ते माझ्या आधी मृत झाल्यास अमुक यांस' हा अर्धा भाग लिहून टाकावा. लिहिताना जड जातं, माहीत आहे. मुलीसमोर तर फारच जड जातं. मी माझ्या स्वतःच्या मृत्युपत्रात ते वाक्य लिहिलं तेव्हा लेकीला स्वयंपाकघरात पाठवलं होतं.

एक गृहस्थ आठवतात. घर थोरल्याला द्यायचं त्यांनी ठरवलं होतं, त्याला कारणंही होती. सगळा मजकूर झाल्यावर म्हणाले, "शेवटी एक ओळ घाला, माझी सर्व मिळकत दोघांना समसमान. नाहीतर धाकट्याला वाईट वाटेल." साहेब हसले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं, की खरेदीखतात दोन कलमं एकमेकांविरुद्ध आली तर पहिलं टिकतं; मृत्युपत्रात शेवटचं टिकतं. म्हणजे ही प्रेमाची ओळ घातली की वरचं सगळं कोसळण्याची भीती. प्रेम असेल तर चिठ्ठी लिहा, वेगळी. ते गृहस्थ बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मग चिठ्ठीचा कागद द्या."

वगळण्याबद्दलही. एका वडिलांनी मुलाला काही द्यायचं नाही याची कारणं मला दोन पानं सांगितली. मी दोन्ही पानं निमूटपणे टाइप केली, शिव्यांसकट. साहेबांनी त्यांच्या दोन ओळी केल्या : मुलाच्या शिक्षणासाठी व व्यवसायासाठी मी हयातीत पुरेसे दिले आहे, म्हणून त्यास या मृत्युपत्राने काही देत नाही. कारण मात्र लिहावंच. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच एका निकालात सांगून ठेवलंय, की सही संशयास्पद वाटली, जवळच्या वारसाला विनाकारण वगळलं, किंवा ज्याला मोठा लाभ होतो त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला, तर तो संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्याची. म्हणजे आपण ज्याला प्रेमाने द्यायला जातो त्याच्याच डोक्यावर ते ओझं येतं. मुलगा स्वतः वकिलाकडे घेऊन आला, मुलाने फी दिली, मुलगाच खुर्चीला खुर्ची लावून बसला, असं दिसलं की साहेब त्याला आधी बाहेर बसवायचे. मुलं चिडायची. साहेब म्हणायचे, "तुझ्याच भल्यासाठी तू बाहेर बस."

टंकलेखिका म्हणून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपला नमुना जसा मांडलाय त्यात मजकूर पहिल्या पानावर संपतो आणि दुसऱ्या पानावर फक्त सही, साक्षीदार आणि तारीख. सहीचं पान असं एकटं पडू देऊ नये. त्याच्या आधीचं पान कोणीही बदलू शकतं, निदान तसा आरोप करू शकतं. मी समास कमी-जास्त करायची, ओळींमधलं अंतर वाढवायची, पण शेवटच्या परिच्छेदाच्या दोन-तीन ओळी सहीच्या पानावर आणायचीच. प्रत्येक पानावर सही, प्रत्येक पानावर 'एकूण ४ पैकी पान २', आणि मजकुराखाली मोकळी जागा उरली तर तिच्यावर तिरकी रेघ. चूक झाली की पांढरा रंग फासायचा नाही. सह्या झाल्यावर केलेल्या खाडाखोडीला, तिच्याशेजारी करणाऱ्याची आणि साक्षीदारांची सही नसेल तर, काही अर्थ नसतो. आम्ही तर पानच नव्याने टाइप करायचो. कार्बन लावून तीन प्रती काढण्याच्या काळातसुद्धा.

आता साक्षीदार. लेखात यावर दीड ओळ आहे : 'कोणत्याही दोन व्यक्तींच्या सह्या घ्याव्यात.' या दीड ओळीसाठी मी एकदा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिले आहे.

कार्यालयात एक निवृत्त परिचारिका आल्या होत्या, अविवाहित, भाचीला घर देणार होत्या. त्यांनी सोबत एक शेजारी आणला होता; दुसऱ्या साक्षीदाराची सोय नव्हती म्हणून साहेब म्हणाले, "तू कर सही." बाईंनी साहेबांच्या खोलीत सही केली. शेजाऱ्यांनी केली. टेबलावर कागदांचा पसारा होता, म्हणून मी ते मृत्युपत्र उचललं, बाहेर माझ्या टेबलावर आले आणि तिथे सही केली. चार पावलं. त्यावेळी मला त्यात काहीच वाटलं नाही.

अकरा वर्षांनी समन्स आलं. भाचीविरुद्ध भाचा. शेजारी तोवर वारले होते, साहेबांनी काम सोडलं होतं. कायदा म्हणतो, मृत्युपत्र सिद्ध करायला निदान एक तरी साक्षीदार न्यायालयात बोलावला पाहिजे, जर कोणी हयात असेल तर. आणि त्या एकाला दोघांच्याही सह्यांबद्दल सांगता आलं पाहिजे. म्हणजे सगळं माझ्यावर.

"बाईंनी सही केली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"
"खोलीत. त्यांच्या डाव्या हाताला उभी होते."
"शेजाऱ्यांनी सही केली ती तुम्ही पाहिलीत?"
"हो. त्यांचं पेन उमटेना, मी माझं दिलं."
"तुम्ही सही कुठे केलीत?"
"बाहेर. माझ्या टेबलावर."

तिथे ते वकील थांबले. मी कधी इतकी शांतता ऐकली नव्हती. साक्षीदाराने सही करायची ती करणाऱ्याच्या उपस्थितीत, हे मला एकवीस वर्षं मृत्युपत्रं टाइप करून माहीत असायला हवं होतं.

"दार उघडं होतं की बंद?"

मला आठवत होतं, आणि ते केवळ नशीब. त्या दाराची कडी मोडलेली होती, ते बंदच होत नसे, खाली जुन्या वहीचा गठ्ठा लावून ठेवलेला असायचा. बाईंची खुर्ची दारासमोर होती. सही करून मी वर बघितलं तेव्हा त्या माझ्याकडे बघत होत्या आणि म्हणाल्या होत्या, "झालं ना गं?" मी हे सांगितलं. पुढे अर्धा तास ते त्या खुर्चीवरच होते : कोणत्या भिंतीला, कपाट मध्ये येत होतं का, त्यांना चष्मा होता का. न्यायालयाने माझं म्हणणं मानलं, भाचीला घर मिळालं. पण कडी दुरुस्त झालेली असती तर त्या बाईंनी आयुष्यभराच्या पगारातून घेतलेलं घर माझ्या आळसापायी भलत्याच वाटेला गेलं असतं. त्यानंतर कितीतरी दिवस मला रात्री ते दार दिसायचं.

तेव्हा दोन साक्षीदार असे हवेत की जे आपल्यापेक्षा वयाने लहान आहेत, आपल्यामागे पत्ता न बदलता राहण्याची शक्यता आहे, ज्यांना त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही, आणि ज्यांना उभं राहून बोलायची भीती नाही. त्यांनी मजकूर वाचण्याची गरज नसते, आत काय आहे ते गुप्त ठेवता येतं. मात्र एकाच खोलीत, एकाच वेळी, दार उघडं-बंद याची पंचाईत न पडता सगळ्यांनी एकमेकांदेखत सह्या कराव्यात. कायदा दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर हवेत असं म्हणत नाही. मी म्हणते.

आपला नमुना 'सर्व वाचकांसाठी' आहे, यावरही थोडं. साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला दिलेली देणगी ख्रिस्ती आणि पारशी वाचकांच्या बाबतीत रद्द होते. त्यांनी लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्नाने रद्द होतं. हिंदूंना हे दोन्ही नियम लागू नाहीत, तरी लाभार्थी साक्षीदार असला की संशय येतोच. मुस्लिम कायद्याप्रमाणे वारसांच्या संमतीशिवाय मिळकतीच्या एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही. हिंदूंनीही 'माझी सर्व मिळकत' लिहिण्याआधी त्यातलं स्वकष्टार्जित किती आणि वडिलोपार्जित किती ते बघावं. वडिलोपार्जितातला आपला हिस्सा तेवढा देता येतो, भावाबहिणींचा नाही.

'मी नॉमिनी लावलाय, मला मृत्युपत्राची गरज नाही' असं म्हणणारे दर आठवड्याला भेटतात. नॉमिनी म्हणजे रक्कम ताब्यात घेणारा हात. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत डिसेंबर १९८३ मध्ये आणि शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं, की नॉमिनी केला म्हणून वारस बदलत नाही. विम्यात २०१५ पासून आई-वडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांना वेगळं संरक्षण आहे. बँकेत तर आता चार-चार नॉमिनी लावता येतात. लावा. पण मृत्युपत्रात एक आणि नॉमिनी दुसराच, असं ठेवू नका. तो दुसरा फार वाईट अडकतो.

माझ्या मावशीची गोष्ट मात्र सविस्तर सांगते, कारण लेखातली सगळी उदाहरणं बाप आणि मुलांची होती. मावशी शिक्षिका. लग्नाला तीन वर्षं होत नाहीत तोच काका गेले. मूल नाही. सासरच्यांनी वाऱ्यावर सोडलं असं नाही, पण येणं-जाणं संपलं. मावशीने पस्तीस वर्षं नोकरी केली, स्वतःच्या पगारातून दोन खोल्या घेतल्या. शेवटची सहा वर्षं तिचं सगळं माझ्या आईने केलं. मी तिला म्हणायची, "मावशी, दहा ओळी सांग, मी टाइप करून आणते." ती म्हणायची, "मला आहे कोण तुमच्याशिवाय? तुम्हालाच मिळणार." तिला कोणीच सांगितलं नव्हतं, आणि मीही धीर करून नीट सांगितलं नाही, की हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ तसं म्हणत नाही. मूल नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या स्वतःच्या कमाईवर आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क येतो. तिचे आई-वडीलसुद्धा त्यानंतर. बहीण त्याही मागे. माहेरच्या आई-वडिलांकडून वारशाने आलेलं असेल तेवढंच वडिलांच्या वारसांकडे परत जातं. मावशीच्या दोन खोल्या काकांच्या पुतण्यांना मिळाल्या. त्यांना मी दोष देत नाही, ते सभ्यपणे आले, कायद्याने दिलं ते घेतलं. त्यांतल्या एकाने आईला विचारलं, "काकूंचं पूर्ण नाव काय होतं? अर्जात लिहायचंय." आई त्या प्रश्नाने जेवढी रडली तेवढी मावशी गेली तेव्हाही रडली नव्हती.

तेव्हा पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहाल तर एकट्या बायकांसाठी, निपुत्रिक जोडप्यांसाठी, सावत्र मुलं वाढवलेल्यांसाठी लिहा. कायद्याच्या वारसयादीत ज्यांचं माणूस बसत नाही त्यांना या कागदाची गरज जास्त.

नोंदणीबद्दल विचारतात म्हणून : ऐच्छिक आहे, तरी मी करा म्हणते. अस्सल कुठे गेलं हा प्रश्न तरी राहत नाही. बंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय कायद्यात आहे. मात्र नोंदणी झाली म्हणजे खरेपणावर शिक्कामोर्तब झालं असं नव्हे, आणि नंतरचं बिननोंदणीचं मृत्युपत्र आधीच्या नोंदणीकृत मृत्युपत्राला रद्द करू शकतं. म्हणून प्रत्येक नव्या मृत्युपत्रात 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द' हे लिहून तारीख घालावी. निष्पादक, म्हणजे आपल्यामागे मृत्युपत्राप्रमाणे वाटणी करून देणारा माणूस, नेमावा, त्याला विचारून नेमावा, आणि कागद कुठे आहे ते त्याला सांगावं. आमच्याकडे एकांचं मृत्युपत्र बँकेच्या लॉकरमध्ये होतं, आणि लॉकर उघडायचा अधिकार कोणाला हे त्या मृत्युपत्रात लिहिलं होतं.

संपादक महोदय, नमुना मागे घ्या असं माझं म्हणणं नाही. लोक मृत्युपत्राचं नाव काढलं तरी विषय बदलतात. आपल्या चौकटीमुळे दोघांनी निदान कात्री हातात घेतली. पुन्हा छापाल तेव्हा पहिल्या ओळीतलं 'शरीराने निरोगी' काढा, उर्वरित मिळकतीचं वाक्य घाला, प्रत्येक नावापुढे 'ते आधी मृत झाल्यास' अशी आणखी एक रिकामी जागा ठेवा, सहीच्या वर मजकुराच्या तीन ओळी येऊ द्या, आणि साक्षीदारांच्या रेघेखाली बारीक अक्षरात एवढं छापा : 'आम्ही सर्वांनी एकमेकांसमक्ष सह्या केल्या आहेत.' जागा कमी पडत असेल तर भोवतीची वेलबुट्टी काढून टाका.

शेजारचे गृहस्थ उद्या पुन्हा येणार आहेत. कात्रण घरीच ठेवा म्हटलंय त्यांना. येताना मुलांची शाळेच्या दाखल्यावरची नावं तेवढी लिहून आणायची आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त टंकलेखिका
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)